घशाचा कर्करोग : एक नाव, दोन कुळे

सोयगाव तालुक्याचे नाव दूरदेशी पोहोचले ते अजिंठ्याच्या लेण्यांमुळे. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची नजर शिकारीच्या ओघात वाघूर नदीच्या काठच्या कड्याकडे गेली, आणि झाडीत दडलेली ती लेणी पुन्हा प्रकाशात आली. साधा प्रवासी ही सर्व लेणी एकाच काळाची समजून पाहून जातो. जाणत्याला मात्र तेथे दोन युगे दिसतात. नवव्या व दहाव्या लेण्यांतील स्तूप साधे आहेत. एकोणिसाव्या व सव्विसाव्या लेण्यांतील स्तूपांवर बुद्धमूर्ती कोरलेली आहे. पहिली लेणी इसवी सनापूर्वीची, दुसरी वाकाटकांच्या अमदानीतील, म्हणजे पाचव्या शतकातील. डोंगर एक आणि नावही एकच. परंतु मधले अंतर कित्येक शतकांचे, आणि ते ओळखण्याचे साधन म्हणजे दगडावरची एक खूण.

वैद्यकशास्त्रातही असे प्रसंग येतात. घशाचा कर्करोग ह्या एका नावाखाली दोन निरनिराळ्या कुळांचे रोग शतकानुशतके एकत्र नांदत होते. दोघांचे दुखणे सारखे, गाठ सारखी, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली दिसणारे रूपही पुष्कळसे सारखे. त्यांतील एक कूळ तंबाखू, सुपारी व मद्य ह्यांच्या संगतीने वाढते. दुसरे एका विषाणूपासून उद्भवते. ह्या दोहोंतील भेद सांगणाऱ्या खुणा गाठीच्या पेशींतील प्रथिनांत सापडल्या. त्या खुणा कशा सापडल्या, त्या काय सांगतात, आणि सोयगावसारख्या ठिकाणच्या रोग्याच्या दृष्टीने त्यांचा अर्थ लावताना कोणती सावधगिरी बाळगली पाहिजे, ह्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

प्रथम घसा म्हणजे काय हे स्पष्ट केले पाहिजे, कारण बोलीभाषेत हा शब्द फार सैल वापरला जातो. तोंड उघडून आरशात पाहिले असता पडजिभेच्या मागे जो भाग दिसतो तो, त्याच्या दोन्ही बाजूंचे टॉन्सिल, आणि जिभेचे न दिसणारे मूळ, हा घशाचा मधला मजला होय. त्याखाली अन्ननलिकेच्या तोंडाशी खालचा घसा व त्यापुढे स्वरयंत्र. गाल, हिरड्या व जिभेचा पुढचा भाग हे तोंडात मोडतात, घशात नव्हे. पुढील विवेचनात हा भेद महत्त्वाचा आहे, कारण विषाणूचे कूळ मुख्यत्वे ह्या मधल्या मजल्यावर, म्हणजे टॉन्सिल व जिभेच्या मुळाशी आढळते. तंबाखूचे कूळ मात्र वरपासून खालपर्यंत कोठेही घर करते.

कंठाचे रोग आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेत मुखरोगांमध्ये कंठातील रोगांची निराळी मोजदाद आहे, आणि अर्बुद ह्या नावाने वाढत जाणाऱ्या गाठीचेही वर्णन आहे. तथापि जिवंत माणसाच्या घशात खोलवर पाहण्याची सोय फार उशिरा झाली. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया ह्या स्पॅनिश गायनशिक्षकाने लहानसा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरयंत्र हालताना पाहिले. गवयाच्या कुतूहलातून वैद्यांना एक साधन मिळाले.

साधन मिळाले तरी उपाय हाती आला नव्हता. १८८६ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यानजीक काशीपूर येथे श्रीरामकृष्ण परमहंसांचे देहावसान झाले ते घशाच्या कर्करोगानेच. डॉक्टर महेंद्रलाल सरकार ह्यांच्यासारखे नामांकित वैद्य सेवेस असूनही रोग हटला नाही. त्यानंतर वर्षभरातच जर्मनीच्या युवराजांचा, म्हणजे पुढे तिसरे फ्रेडरिक म्हणून गादीवर आलेल्या बादशहांचा, आवाज बसला. जर्मन शल्यवैद्यांना कर्करोगाची शंका आली व त्यांनी शस्त्रक्रियेची तयारी केली. लंडनहून आलेले मॉरेल मॅकेंझी म्हणाले की, आधी तुकडा काढून तपासावा. तो तुकडा रुडॉल्फ फिर्खो ह्या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ रोगनिदानशास्त्रज्ञाकडे गेला. त्यांना त्यात कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया राहिली; रोग वाढत गेला; १८८८ च्या मार्चमध्ये राजपदी आलेला तो पुरुष अवघे ९९ दिवस राज्य करून जूनमध्ये मरण पावला. फिर्खोंनी समोरच्या तुकड्याविषयी जे सांगितले ते त्या तुकड्यापुरते होते. ऐकणाऱ्यांनी त्यातून संपूर्ण घशाचा निकाल काढला. तपासणीचे उत्तर आणि त्या उत्तराचा अर्थ ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ह्या घटनेत जसे दिसते तसेच ते शंभर वर्षांनंतरच्या प्रथिनांच्या खुणांतही दिसून येते.

आता पहिल्या कुळाचा वृत्तांत. तंबाखू ही वनस्पती मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनमध्ये लवकरच रुजली. अकबराचा वकील असद बेग सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरास गेला असता तेथे त्याने तंबाखू पाहिली आणि नजराणा म्हणून ती बादशहाकडे नेली. जहांगिराने १६१७ साली तिला मनाई केली, परंतु ती मनाई कागदावरच राहिली. महाराष्ट्रात तंबाखू ओढण्यापेक्षा खाण्याचा प्रघात अधिक पडला. चुन्याबरोबर मळलेली चिमूट गालात धरणे, विड्यात घालणे, भाजून केलेली मिश्री दातांना लावणे, असे तिचे अनेक प्रकार झाले. शेतकऱ्याच्या कमरेची चंची हा त्याच्या पोशाखाचाच भाग होऊन बसला.

बाहेरच्या पदार्थामुळे कर्करोग होतो ही कल्पना १७७५ साली पर्सिव्हल पॉट ह्या इंग्रज शल्यवैद्याने मांडली. लंडनमधील धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या अंगावर साचणाऱ्या काजळीवरून त्याने ती बांधली होती. हिंदुस्थानात तंबाखूकडे बोट दाखवणारा एक निबंध १९३३ साली ऑर ह्या डॉक्टरने त्रावणकोरातील पानसुपारी खाणाऱ्या रोग्यांवरून लिहिला. परंतु ह्या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास मुंबईत व्हावयाचा होता. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या; पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीतून परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले व ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले.

ह्या रुग्णालयाच्या रोगनिदान विभागाची धुरा डॉक्टर वसंत रामजी खानोलकर ह्यांच्याकडे आली. १८९५ साली जन्मलेले खानोलकर लंडन विद्यापीठाचे रोगनिदानशास्त्रातील एम. डी. होते व मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले होते. रुग्णालय उघडल्यावर तीनच वर्षांनी, १९४४ साली, त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या ओळीने आलेल्या एक हजार रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. रोगी कोणत्या समाजाचा, त्याची सवय कोणती आणि गाठ नेमकी कोठे, ह्या तीन गोष्टी एकमेकींशी जोडून पाहण्याची ती पद्धत होती. १९५५ साली संघवी व राव ह्यांच्यासह त्यांनी विडी-तंबाखू आणि वरच्या अन्नमार्गाचा कर्करोग ह्यांचा संबंध तपासणारा निबंध प्रसिद्ध केला. गालात तंबाखू धरणाऱ्याचा रोग तोंडात आणि विडी ओढणाऱ्याचा रोग घशात अधिक आढळतो, असा नकाशा ह्या प्रकारच्या अभ्यासांतून तयार होत गेला. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक असल्याचे १९८५ साली जाहीर केले, आणि २००३ सालच्या बैठकीत नुसत्या सुपारीलाही तोच शिक्का बसला.

येथवरची कथा ऐकणाऱ्यास असे वाटेल की घशाच्या कर्करोगाचा गुन्हेगार सापडला व खटला संपला. तथापि टॉन्सिलच्या कर्करोगाचे काही रोगी असे होते की ज्यांनी जन्मात तंबाखूला स्पर्श केला नव्हता. त्यांच्या रोगाचे मूळ समजण्यास दुसऱ्या कुळाकडे वळावे लागते, आणि तो मार्ग कोंबड्यांच्या खुराड्यातून सुरू होतो.

१९११ साली न्यूयॉर्कच्या पेटन राउस ह्या शास्त्रज्ञाने कोंबडीच्या गाठीचा अर्क इतका बारीक गाळला की त्यात पेशी किंवा जंतू राहणे शक्य नव्हते. तो अर्क निरोगी कोंबडीस टोचताच तिलाही गाठ झाली. गाळणीतून निसटणारा तो पदार्थ म्हणजे विषाणू होय. ह्या शोधाची थट्टा झाली, उपेक्षा झाली. अखेर १९६६ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, राउस ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्करोग व विषाणू ह्यांच्या संबंधाकडे लक्ष देणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांत एका मराठी विदुषीचे स्थान फार वरचे आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, हुजूरपागेच्या शाळेत शिकलेल्या कमल समर्थ, म्हणजेच डॉक्टर कमल रणदिवे, ह्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. पेशी शरीराबाहेर काचपात्रात जिवंत ठेवण्याची कला तेथे शिकून, परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात तशी प्रयोगशाळा उभी केली. हे केंद्र १९५२ साली खानोलकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले होते. उंदरांतील स्तनांच्या कर्करोगावर विषाणूच्या अनुषंगाने रणदिवे ह्यांनी केलेले संशोधन नावाजले गेले.

जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेचे नाव आणखी एका कारणाने अजरामर झाले. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी तेथे काचपात्रात वाढू लागल्या, त्या आजतागायत वाढत आहेत. ती बाई त्याच वर्षी वारली. ह्या पेशींना 'हेला' म्हणतात. त्यांच्या पोटात एक विषाणू दडलेला आहे हे त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते. जर्मनीचे हॅराल्ड त्सुर हाउझेन ह्यांनी चामखीळ उत्पन्न करणाऱ्या विषाणूंच्या मोठ्या कुटुंबात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण शोधण्याचा ध्यास घेतला होता. १९८३ साली त्यांना ह्या कुटुंबातील सोळाव्या क्रमांकाचा व १९८४ साली अठराव्या क्रमांकाचा विषाणू सापडला. हेला पेशींत अठरावा विषाणू निघाला. २००८ साली त्सुर हाउझेन नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. १९८३ मध्येच फिनलंडच्या सिर्यानेन ह्यांनी असे सुचवले होते की, मुखाच्या काही कर्करोगांतही ह्याच कुटुंबाचा हात असावा.

आता खुणांकडे वळू. प्रत्येक पेशी म्हणजे एक वाडा आहे असे समजावे. वाड्याच्या दिंडीदरवाजाने पेशीच्या विभाजनाची वाट अडवलेली असते. हे दार म्हणजे 'आरबी' नावाचे प्रथिन. दार अवेळी उघडू नये म्हणून अडसर घालणारा जो सेवक, तो 'पी-१६'. आणि वाड्यात काही मोडतोड झाली तर सर्व काम थांबवून दुरुस्ती करवणारा, दुरुस्ती अशक्य असेल तर त्या पेशीचा अंत घडवणारा जो कारभारी, तो 'पी-५३'. शेवटची दोन नावे प्रथिनांच्या वजनावरून पडली आहेत. किंबहुना पी-५३ चे वजन पुढे नीट मोजता त्रेपन्न हजारांपेक्षा बरेच कमी भरले, परंतु नाव बदलले नाही.

पी-५३ चा शोध १९७९ साली इंग्लंड, अमेरिका व फ्रान्समधील निरनिराळ्या मंडळींनी जवळजवळ एकाच वेळी लावला. लंडनचे डेव्हिड लेन व लायोनेल क्रॉफर्ड आणि प्रिन्सटनचे अर्नोल्ड लेव्हाइन ही त्यांतील ठळक नावे. गमतीचा भाग असा की, कर्करोगाच्या पेशींत हे प्रथिन विपुल दिसत असल्याने दहा वर्षे त्यालाच कर्करोगाचा चिथावणीखोर मानले गेले. १९८९ साली बर्ट फोगेलस्टाइन ह्यांच्या प्रयोगशाळेतील व इतर संशोधकांनी दाखवले की, गाठीत साचलेले ते पी-५३ बिघडलेले असते. निरोगी पी-५३ आपले काम करून लगेच नाहीसे होते. बिघडलेले मात्र काम न करता तसेच पडून राहते, म्हणून डोळ्यांत भरते. चोराला पकडणारा कारभारीच मारला गेलेला. प्रेत जागेवर पाहून लोकांनी त्याला चोर ठरवले होते.

ह्याच सुमारास विषाणूची कारस्थानेही उघडकीस आली. चामखिळीच्या कुटुंबातील दुष्ट विषाणू पेशीत दोन हस्तक पाठवतो. त्यांची नावे 'ई-६' व 'ई-७'. ई-७ हा आरबीला जखडून दार निकामी करतो, हे १९८९ साली कळले. ई-६ हा पी-५३ ला पेशीच्याच मोडीखान्यात पाठवून नष्ट करवतो, हे १९९० साली. पी-१६ ची ओळख १९९३ साली पटली. ह्या तिन्ही गोष्टी जुळवताच दोन कुळांतील भेद स्पष्ट झाला.

तंबाखूच्या कुळात रसायनांच्या माऱ्याने पी-५३ चे जनुकच बिघडते, आणि पी-१६ चे जनुक बहुधा गळून पडते किंवा मुके होते. म्हणून अशा गाठीच्या तुकड्यावर रंगप्रक्रिया केली असता पुष्कळदा बिघडलेला पी-५३ दाट रंगतो व पी-१६ ची जागा कोरी राहते. विषाणूच्या कुळात पी-५३ चे जनुक शाबूत असते; केवळ तयार होणारे प्रथिन पळवले जाते. आणि पी-१६ ची गोष्ट तर उलटीच होते. दार मोडून पडलेले असल्याने अडसर घालणाऱ्या सेवकाच्या हाकेला अर्थ राहत नाही. परंतु दार मोडल्याचे पाहून पेशी अधिकाधिक सेवक बोलावत राहते. परिणामी पी-१६ सर्व पेशींत भरून जाते, आणि तुकडा गडद तपकिरी दिसतो. गाठीतील निदान शेकडा ७० पेशी, त्यांच्या केंद्रकासह, अशा ठळक रंगल्या तर तपासणी सकारात्मक धरतात. विषाणूची जनुके प्रत्यक्ष शोधण्यास महागडी साधने लागतात. पी-१६ ची रंगप्रक्रिया साध्या प्रयोगशाळेतही होते. म्हणून ही खूण जगभर रूढ झाली.

ह्या खुणेचे मोल रोग्याच्या आयुष्याशी निगडित आहे. २००० साली अमेरिकेच्या डॉक्टर मॉरा गिलिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोके व मान ह्या भागांतील २५३ कर्करोगी तपासले; ६२ जणांच्या गाठीत विषाणू सापडला, त्यांतील बहुतेकांत सोळाव्या क्रमांकाचा, आणि तो मुख्यतः घशाच्या मधल्या मजल्यावर. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनंतर विषाणूच्या कुळातील शेकडा ८२ रोगी जिवंत होते. दुसऱ्या कुळातील शेकडा ५७. उपचार तेच, गाठीची जागा तीच, तरी एवढे अंतर. मात्र त्याच अभ्यासात असेही दिसले की, विषाणूच्या कुळातील रोगी जर दीर्घकाळ धूम्रपान करणारा असेल तर त्याचा हा लाभ बराच घटतो. २०१७ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने पी-१६ सकारात्मक घशाच्या कर्करोगास निराळे कोष्टकच दिले. एका नावाचे दोन रोग झाले ते अशा रीतीने.

ह्यानंतर स्वाभाविकच एक विचार पुढे आला. ज्या रोगाचा शेवट बरा, त्याला उपचारही सौम्य का नसावेत? घशावरील किरणोपचार, ज्यांना लोक 'शेक' म्हणतात, आणि त्यासोबतचे सिस्प्लॅटिन हे औषध ह्यांनी रोगी बरा होतो खरा, परंतु तोंड कोरडे पडते, गिळणे जड होते, कानांवर व मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून सिस्प्लॅटिनऐवजी दुसरे एक सौम्य मानलेले औषध देऊन दोन मोठे प्रयोग झाले, एक मुख्यतः युरोपात व एक अमेरिकेत. २०१८ साली दोहोंचे निष्कर्ष हाती आले. दोन्हींत सौम्य मानलेल्या औषधाच्या गटात मृत्यू अधिक झाले. चांगल्या खुणेवर विसंबून हात आखडता घेतल्याची किंमत रोग्यांनी मोजली.

पी-१६ च्या साक्षीची उलटतपासणी २०२३ साली झाली. नऊ देशांतील ७,६५४ रोग्यांची माहिती एकत्र करून असे पाहिले गेले की, पी-१६ चा रंग आणि विषाणूचे प्रत्यक्ष अस्तित्व ह्यांचा मेळ किती बसतो. सुमारे शेकडा ९ रोग्यांत मेळ बसला नाही. पी-१६ सकारात्मक आणि विषाणूही उपस्थित, अशांपैकी पाच वर्षांनी शेकडा ८१ जिवंत होते. पी-१६ सकारात्मक परंतु विषाणू नाही, अशांपैकी शेकडा ५५ च्या आसपास. म्हणजे तोच तपकिरी रंग एका ठिकाणी दिलासा देणारा आणि दुसऱ्या ठिकाणी फसवा. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या प्रदेशांत विषाणूच्या कुळाचे प्रमाण कमी, तेथे हा फसवेपणा अधिक आढळला.

ह्याचे कारण समजण्यास गणिताचे पुस्तक उघडावे लागत नाही. ज्या बाजारात बहुतेक नाणी खरी, तेथे खणखणीत वाजलेले नाणे बेलाशक घ्यावे. ज्या बाजारात खोटी नाणी अधिक, तेथे तेच खणखणणे पुन्हा पारखून घ्यावे लागते. नाण्याचा आवाज बदललेला नसतो. बाजार बदललेला असतो.

त्या अभ्यासातील नऊ देशांत भारत नव्हता, आणि मराठी मुलुखाचा बाजार कोणता ह्याविषयी संशय नाही. मुंबईत १९६३ साली देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या शाखा पुण्यास, १९७८ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, व नंतर नागपुरास निघाल्या. १९८७ साली बार्शीस खेड्यांची निराळी नोंदणी सुरू झाली. ह्या वह्यांतून तोंड व घसा ह्यांच्या कर्करोगाचे जे चित्र उभे राहते ते मुख्यत्वे तंबाखूचे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखूचे सेवन करीत होती, आणि त्यांतील बहुतेक ती खाणारी होती. २०१२ साली राज्याने गुटख्यास बंदी केली. तरी तंबाखूची पुडी पानपट्टीवर मिळतेच. घशाच्या कर्करोगातील विषाणूचा वाटा अमेरिका किंवा उत्तर युरोपच्या मानाने भारतात बराच कमी, असेच येथील बहुतेक पाहण्यांत आढळले आहे.

म्हणून सोयगावच्या परिसरातील एखादा विडी ओढणारा शेतकरी जिल्ह्याच्या ठिकाणी, २०१२ साली सुरू झालेल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, किंवा थेट मुंबईस गेला, आणि त्याच्या टॉन्सिलच्या तुकड्यावर पी-१६ सकारात्मक असा शेरा पडला, तर तो कागद घरच्यांनी परदेशी आकड्यांच्या प्रकाशात वाचू नये. पहिली चूक होईल ती 'हा सौम्य प्रकार आहे' असे समजून उपचार अर्धवट टाकण्याची. वैद्य जर त्या खुणेच्या आधारे उपचार बदलू पाहत असेल, तर विषाणूची प्रत्यक्ष तपासणी होईल काय, एवढा एक प्रश्न विचारण्याचा अधिकार रोग्यास आहे. आणि विषाणू निघाला तरी विडी सोडल्यावाचून तो शुभशकुन पूर्ण फळत नाही.

दुसरी चूक सुशिक्षित घरांत अधिक संभवते. हा विषाणू निकट शरीरसंबंधातून पसरतो असे वाचताच पतिपत्नींच्या मनात संशयाचे पाणी शिरते. परंतु हा विषाणू अत्यंत सार्वत्रिक आहे. असंख्य स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात केव्हातरी होतो व नकळत निघूनही जातो; क्वचित कोणाच्या शरीरात तो वर्षानुवर्षे दडून राहून रोग उत्पन्न करतो. कधीचा, कोणाकडून, हे कोणतीही प्रथिनाची खूण सांगू शकत नाही. रोगनिदानाचा कागद हा चारित्र्याचा दाखला नव्हे. उलट पक्षी, तंबाखूच्या कुळातील रोग्यास 'केलेस ते भोग' असे ऐकवणारे नातलगही उपचारात काडीचीही भर घालीत नाहीत.

तिसरी चूक म्हणजे उशीर. दोन्ही कुळांचे आरंभीचे लक्षण साधे असते : तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, गिळताना एका बाजूस टोचणे, कानात जाणारी कळ, किंवा मानेवर न दुखणारी गाठ. विषाणूच्या कुळात तर मानेवरची गाठ हेच पुष्कळदा पहिले लक्षण ठरते, आणि दुखत नाही म्हणून महिनोन् महिने तिच्यावर लेप चढवले जातात. तंबाखू न खाणाऱ्यास कर्करोग कसा होईल, हा समज अशा वेळी घातक ठरतो.

ह्या विषाणूवर प्रतिबंधक लस २००६ पासून जगात उपलब्ध आहे, आणि २०२२ साली पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या पहिल्या भारतीय लशीस शासनाची मान्यता मिळाली. गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणे हे तिचे मुख्य काम. परंतु सोळाव्या क्रमांकाच्या विषाणूपासून ती संरक्षण देत असल्याने घशाच्या दुसऱ्या कुळाची मुळेही तिने खणली जावीत अशी सार्थ आशा आहे. ती कुमारवयात, संसर्गापूर्वी घ्यावयाची असते. झालेल्या गाठीवर तिचा उपयोग होत नाही. पहिल्या कुळावर मात्र कोणतीही लस नाही. तेथे उपाय एकच, आणि तो माणसाच्या स्वतःच्या हातात आहे.

खानोलकरांनी १९४४ साली हजार रोग्यांची वही मांडली तेव्हा त्यांच्यापाशी पी-५३ नव्हते, पी-१६ नव्हते, विषाणूचे नावही नव्हते. त्यांनी रोग्याला विचारले : कोठला राहणारा, काय खातो, काय ओढतो, गाठ कोठे आहे? आज ऐंशी वर्षांनंतर प्रथिनांच्या खुणा हाती असतानाही त्या खुणांचा अर्थ ह्याच चार प्रश्नांवाचून पुरा लागत नाही. सोयगावहून निघालेल्या रोग्याने ह्या चारही प्रश्नांची उत्तरे वैद्याला संकोच न करता सांगावीत. तुकड्याचा कागद वाचताना वैद्याला त्यांची गरज पडणार आहे.